उर्तुबे, १९७४

हात कपापर्यंत कसा पोचतो, एवढंच मला लिहायचं होतं. मूल वर्षाचं व्हायच्या आत जे शिकतं, ते. त्यावर जगभरातल्या शहाण्यांनी आजवर जे जे लिहून ठेवलंय ते वाचायचं, कोण काय म्हणालं ते मांडायचं, आणि शेवटी स्वतःला काय वाटतं ते कुणाला राग येणार नाही अशा बेताने सांगायचं. याला साहित्याचा आढावा म्हणतात. मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षात जायचं तर तो मंजूर व्हावा लागतो. माझा होत नव्हता.

एकदा मुदत वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा देत नाहीत. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आढावा विद्यापीठाच्या संगणकात गेला नाही, तर माझी जागा जाणार आणि मी मोंतेविदेओ सोडून परत पैसांदूला, आईच्या दुकानात गिऱ्हाइकांचे केस झाडायला. आई तसं बोलत नव्हती. पण दर फोनला ‘दुकानात माणूस कमी पडतंय गं’ हे मात्र न चुकता सांगायची.

आमच्या विषयात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, हात हलायच्या आधीच मेंदूने सगळा आराखडा करून ठेवलेला असतो. कोणता स्नायू कधी, किती आवळायचा, सगळं. दुसरं म्हणतं, आराखडा-बिराखडा काही नसतो. हात निघतो आणि वाटेत सावरत सावरत पोचतो. मी पहिल्यांना आराखडेवाले म्हणते आणि दुसऱ्यांना सावरासावरवाले. दोघांत विस्तव जात नाही. आणि या दोघांच्या मधोमध मी, संदर्भसूची कुशीत घेऊन, कुणाचा पाय तुडवला जाऊ नये म्हणून चवड्यांवर उभी.

माझ्या मार्गदर्शक नेल्बा इरुरेता. बाकीच्या प्राध्यापकांना आम्ही सरळ नावाने हाक मारतो, पण यांना कुणाची हिंमत होत नाही, त्या ‘प्रोफे’. ठेंगण्या, साठी उलटलेल्या, डाव्या काखेत कायम थर्मॉस, हातात माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, प्यायचा भोपळा. बोलता बोलता, चालता चालता, भांडता भांडता काखेतला थर्मॉस किंचित वाकवून भोपळ्यात गरम पाणी ओतणार. थेंब सांडत नाही. तसं ते आमच्या देशात सगळ्यांनाच येतं, पण प्रोफेंचं बघत राहावं. त्यांचा नियम एकच होता: वाचलं नाहीस, तर लिहायचं नाही.

“हा जपानी माणसाचा लेख वाचलास?” त्या विचारायच्या.

“सारांश वाचला, प्रोफे.”

“सारांश वाचून लग्न करशील का कुणाशी?”

मग लाल पेन. माझे कागद गोवर आल्यासारखे दिसायचे. ‘कोण म्हणतं?’ ‘कुठे म्हणतं?’ ‘तू स्वतः पाहिलंस?’ प्रत्येक प्रश्नापायी एकेक आठवडा गेला. एका जर्मन लेखासाठी मी शेजारच्या आजोबांच्या पाया पडून तो त्यांच्याकडून वाचून घेतला, आणि त्यात काय निघालं, तर मला नको असलेली माकडं.

सगळा घोळ पहिल्याच परिच्छेदात होता. आमच्या शाखेत कुठल्याही आढाव्याचा श्रीगणेशा एकाच नावाने होतो: अपारिसियो उर्तुबे, १९७४. आमच्याच प्रयोगशाळेतला माणूस. चहूकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा त्याला नोकरीवरून काढलं, तो नदीपलीकडे ब्वेनोस आयरेसला पळाला, आणि दोन वर्षांनी तिथून त्याला कुणीतरी उचललं ते उचललंच. दर वीस मेला आम्ही हजारो लोक, त्या काळी गायब झालेल्यांसाठी, भर रस्त्यातून मुक्याने चालतो तेव्हा त्याचाही फोटो असतो. शेवटी एकेकाचं नाव पुकारतात आणि सगळे मिळून म्हणतात, “हजर!” मीही म्हटलंय, घसा फाटेस्तोवर.

आता अशा माणसावर वैतागायची सोय नसते. पण मी वैतागले होते. कारण मला एक वाक्य पुरं करायचं होतं, ‘उर्तुबे यांनी दाखवून दिलं, की’, आणि त्या ‘की’च्या पुढे काय लिहायचं ते कळत नव्हतं. आराखडेवाले म्हणत, उर्तुबेने आराखडा सिद्ध केला. सावरासावरवाले म्हणत, उर्तुबेने आराखडा मोडीत काढला. संदर्भ मात्र दोघांचा एकच, अक्षर न् अक्षर सारखा: आमच्याच फॅकल्टीची पत्रिका, खंड १९, पाने २११ ते २२९. तो लेख इंटरनेटवर कुठेच नव्हता.

“बो, तू कशाला डोकं फोडून घेतेस?” यामांदू म्हणाला; आमच्याकडे ‘अगं’ला ‘बो’ म्हणतात. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, एक वर्ष पुढे, आढावा मंजूर झालेला आणि म्हणून असह्य. “मी मागच्याच्या आढाव्यातून उचललं. त्याने त्याच्या मागच्याच्यातून. परंपरा आहे ती.”

“आणि प्रोफेंनी चालवून घेतलं?”

“एक खूण नाही. बाकी सगळीकडे कत्तलखाना, पण उर्तुबेपाशी एकदम स्वच्छ.”

मी माझे जुने कागद काढून पाहिले. खरंच की. पहिल्या खर्ड्यात मी आराखडेवाल्यांचं वाक्य उचललं होतं. लाल पेन नाही. दुसऱ्या खर्ड्यात कंटाळून बरोबर उलटं लिहिलं होतं. तरी लाल पेन नाही. स्वल्पविरामावरून मला तासभर झापणाऱ्या बाईने याच्या दोन्ही बाजू गपगुमान जाऊ दिल्या होत्या. मला इतका संताप आला, की हातातलं बिस्कोचो टेबलावर आपटून त्याचा चुरा केला आणि मग तोच चुरा वेचून खाल्ला.

मंगळवारी मी त्यांना गाठलं. “प्रोफे, उर्तुबेंचा लेख कुठे वाचायला मिळेल?”

त्या खिडकीकडे वळल्या. “ते राहू दे. ते आहे तसं ठेव.”

“पण वाचलं नाही तर लिहायचं नाही ना?”

“अनाहिर, शुक्रवारी बाराला दार बंद होतंय. तुझी ती शेवटची पंधरा पानं म्हणजे अजून नुसतं कडबोळं आहे. तिकडे बघ.”

आता ही बाई मला म्हणते, वाचू नकोस! शेवटची पंधरा पानं कडबोळं होती हे खरं होतं आणि मी तिकडे बघायला हवं होतं हेही खरं. पण वर्षभर ज्या काठीने माझी पाठ सोलली ती आज कोपऱ्यात ठेवून द्यायची, असं कसं? बुधवारी सकाळी मी सरळ ग्रंथालयाच्या तळघरात उतरले.

पत्रिकेचे खंड ओळीने उभे होते, धूळ बसलेले. सोळा, सतरा, अठरा. अठरावर साल १९७३. त्याला चिकटून एकोणीस. मी हुश्श म्हणून तो ओढला. साल १९८५. एकशे चाळिसाव्या पानाला संपत होता. उर्तुबेचं नाव नव्हतं. दोनशे अकरावं पानच नव्हतं, तर उर्तुबे कुठून असणार?

ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मधली वर्षं? अहो, मधल्या वर्षांत वर लष्कराचे शिपाई बसलेले होते. पत्रिका कोण काढणार?”

मी जिन्यावर बसले. वीस मेला ज्याच्या नावाने ‘हजर’ म्हणून ओरडले, त्याच्या न छापलेल्या लेखातल्या नसलेल्या पानांवर आमच्या सगळ्यांच्या पदव्या उभ्या होत्या. आराखडेवाले, सावरासावरवाले, ते सगळे मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक, कुणी म्हणजे कुणीही तो वाचलेला नव्हता. आणि मी त्या जपान्यासाठी आठवडा घालवला होता!

प्रोफेंच्या खोलीत मी दार न वाजवता शिरले. त्या माझीच पंधरा पानं तपासत होत्या.

“एकोणिसावा खंड पंच्याऐंशीचा आहे,” मी म्हणाले.

त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, “दार लावून घे.”

मी लावलं.

“लेख होता,” त्या म्हणाल्या. “मीच टाइप केला. तेवीस वर्षांची होते. पत्रिकेने घेतला होता, छपाईला जायचा होता. त्याआधी ते लोक आत आले. कपाटं, कागद, टाइपरायटर, सगळं ट्रकमध्ये. कार्बन कॉपीसुद्धा.”

“मग हा खंड, ही पानं?”

“मी मेक्सिकोत होते, अठ्ठ्याहत्तर साल. माझा पहिला लेख. त्यात मी त्याचं नाव घातलं, पुढे लिहिलं, छपाईच्या वाटेवर. संपादकाचं पत्र आलं: चार वर्षं छपाईच्या वाटेवर कुठला लेख असतो? खंड आणि पानं द्या, नाहीतर नाव काढा.” त्यांनी थर्मॉस काखेत घेतला, मग तसाच धरून राहिल्या. “त्याला उचलून दोन वर्षं झाली होती. त्याचं नाव कुठेही नव्हतं, ना तुरुंगाच्या यादीत, ना मेलेल्यांच्या. आणि मी आपल्या हाताने अजून एका यादीतून काढू? अठरानंतर एकोणीस येणार, म्हणून एकोणीस लिहिलं. पानं अंदाजाने.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. “आणि मग आम्हाला का छळलंत? वाचलं नाहीस तर लिहायचं नाही! कुणाला सांगत होतात हे?”

“तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “मला सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.”

“ठीक आहे. निदान लेखात काय होतं ते सांगा. तुम्ही टाइप केलाय. मी लिहिते, प्रोफे इरुरेता यांनी प्रत्यक्ष सांगितल्यानुसार. तसं लिहिता येतं, नियमात बसतं. आराखडा की सावरासावर?”

त्या लाल पेनचं टोपण काढत आणि लावत राहिल्या.

“प्रोफे?”

“तो आम्हाला माते ओतायला लावायचा,” त्या म्हणाल्या. “बुधवारी दुपारी. काखेत थर्मॉस, हातात भोपळा, आणि तो मागून येऊन कोपराला धक्का द्यायचा. अगदी अवचित. सांडलं की हसायचा. त्याच्या दाढीला तंबाखूचा वास यायचा. तारा जोडलेल्या असायच्या दंडाला, कागदावर रेघा उठायच्या. रेघांकडे बघून तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, ‘बघ नेल्बा, बघ!’”

“काय बघ?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ज्या डोळ्यांना मी भ्यायले, ते पहिल्यांदाच मला भ्यायलेले दिसले.

“मला आठवत नाही गं. मी खूप वर्षं आठवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तरमध्ये मी लिहिलं आराखडा, कारण तेव्हा सगळे तेच म्हणत होते. पंच्याण्णवमध्ये सावरासावर लिहिलं. दोन्ही वेळा वाटलं, हेच होतं. मी टाइप करत होते, अनाहिर. वाचत नव्हते.”

मी गुरुवारचा सगळा दिवस त्या पंधरा पानांवर काढला आणि पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी लिहिला. ‘की’ खोडून टाकला. लिहिलं: ‘अपारिसियो उर्तुबे यांचा हा लेख छापला गेला नाही. त्यात काय होतं हे आज कुणालाही माहीत नाही. तो जिथे जिथे उद्धृत झाला आहे, तिथे न वाचता उद्धृत झाला आहे.’ प्रोफेंची सही नसेल तर आढावा जात नाही, आणि अशा वाक्याखाली कोण सही करतं? पैसांदूची बस डोळ्यांपुढे दिसायला लागली.

शुक्रवारी सकाळी प्रोफेंनी ते पान उभ्यानेच वाचलं. मग लाल पेन काढलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिसऱ्या वाक्याच्या शेवटी त्यांच्या टोकदार अक्षरात जास्तीचे शब्द होते: ‘नेल्बा इरुरेता यांच्या लेखांसह.’ खाली सही.

“हे जाईल ना सगळीकडे?” त्यांनी विचारलं.

“फॅकल्टीच्या संकेतस्थळावर राहतो, प्रोफे. कुणालाही वाचता येतो.”

“ता,” त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक, म्हणजे संपलं, म्हणजे आता पुढचं बोल.

पुढचं काय बोलणार कपाळ! मी संगणकापाशी बसले, आढावा चढवला, संदर्भसूचीचे रकाने भरत गेले. पहिलाच उर्तुबे. लेखकाचं नाव, भरलं. साल, भरलं. खंड. पाने. रिकामे सोडले आणि पुढे गेले, तर संगणकाने लाल अक्षरात सांगितलं: खंड व पाने भरल्याशिवाय आढावा स्वीकारला जाणार नाही.

मी कचेरीत फोन केला. तिकडच्या बाईच्या तोंडात काहीतरी होतं. “रकाना रिकामा चालत नाही, राणी.”

“पण छापलाच नाही हो तो!”

“मग सूचीतून काढून टाका. नाहीतर नंबर द्या.”

“सूचीतून काढला तर मजकुरातलं वाक्य कशाला टेकू? तुमचाच नियम आहे ना, मजकुरात नाव असेल तर सूचीत हवं?”

“हो, तोही नियम आहेच,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी टेबलावर डोकं ठेवलं. वर्षभर साचलेलं सगळं तोंडाने बाहेर पडलं. जे शब्द आई दुकानात ऐकून घेत नाही ते सगळे. यामांदू खुर्ची ढकलत आला. “बो, पाच मिनिटं राहिलीत. एकोणीस टाक. दोनशे अकरा ते दोनशे एकोणतीस. सगळ्या जगाने टाकलंय, तुझ्याने काय आभाळ कोसळणार आहे?”

माझं बोट एकच्या कळीवर होतं. खोटं बोलणाऱ्या बाईवर मी परवा केवढी ओरडले होते, आणि आता कळत होतं की ते किती सोपं असतं. त्यात वाईट माणूस असावं लागत नाही. समोर एक रकाना असला, आणि घाई असली, की झालं. प्रोफे माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मी बोट उचललं आणि खंडाच्या रकान्यात शून्य टाकलं. पाने: शून्य ते शून्य. कळ दाबली. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि संगणक म्हणाला: स्वीकारलं.

यामांदूने मला मिठी मारली. मी रडले की हसले ते आठवत नाही. प्रोफे स्क्रीनवरची ती शून्यं बघत होत्या. त्यांनी काखेतला थर्मॉस वाकवला, भोपळा पाण्याने भरला आणि माझ्यापुढे धरला. या वेळी त्यांच्या बोटांवर पाणी सांडलं होतं, चांगलं गरम, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“शून्य,” त्या म्हणाल्या. “मला नाही गं सुचलं तेव्हा.”

डिसेंबरात यामांदूने मला एक नवा लेख पाठवला, ब्राझीलमधला, फार नावाजलेल्या लोकांचा. सोबत नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांची ओळ. मी उघडला. पहिलाच परिच्छेद. ‘हालचालीचा आराखडा मेंदूत आधीच तयार असतो, हे उर्तुबे यांनी निर्विवादपणे दाखवून दिलं आहे.’ खाली सूचीत: उर्तुबे, १९७४, खंड ०, पाने ० ते ०. त्याखालीच माझा आढावा. म्हणजे सूची माझ्याकडूनच उचललेली, आणि माझा पहिला परिच्छेद वाचायची तसदी कुणी घेतलेली नाही.

मी तणतणत प्रोफेंना फोन लावला. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, आतलांतिदाला समुद्राकाठी राहत होत्या. सगळं सांगितलं. वाटलं, भडकतील, त्या माणसांची सालटी काढतील.

“नाव नीट लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग राहू दे.”

मी राहू दिलं नाही. त्याच दुपारी त्या ब्राझीलवाल्यांना एका ओळीचं पत्र लिहिलं: तुम्ही उर्तुबेंचा लेख वाचला आहे का? उत्तर लगेच आलं, फार अदबीने. वाचायला मिळाला नाही, कृपया तुमच्याकडची प्रत पाठवाल का?